अवटु-ग्रंथी आणि देहातील मेदाचा हिशेब

आपल्या संघाच्या वार्षिक स्मरणिकेत बाजारभावांची चढउतार, कराचे नियम, हिशेबाच्या पद्धती अशा विषयांवर लेख येत असतात. त्यांच्या पंक्तीत एका शरीरग्रंथीवरील लेख पाहून काही वाचकांस नवल वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या देहाच्या बळावर आपण सकाळपासून रात्रीपर्यंत दुकानाच्या गादीवर बसतो, त्या देहाचाही जमाखर्च असतो. आणि तो न समजल्यामुळे होणारे नुकसान पुष्कळदा भरून निघत नाही.

आपल्या हातोदसारख्या लहान गावातही आता ‘थायरॉईड’ हा शब्द घरोघरी ऐकू येतो. कोणाचे वजन वाढले, केस गळू लागले, अंगात आळस भरला, की आप्तेष्ट हेच निदान सांगून मोकळे होतात. एवढ्यावर थांबले तर फारसे बिघडत नाही. पण त्यातून पुढे एक अनुमान निघते आणि ते घातक आहे. ते असे : या ग्रंथीचा रस कमी झाला की मनुष्य जाड होतो, तो रस गोळीवाटे दिला की वजन उतरते, तर मग ज्याची ग्रंथी निरोगी आहे पण वजन अधिक आहे, त्याने तीच गोळी घेतल्यास काय वावगे? सासूबाईंच्या औषधाच्या डब्यातील गोळी लग्नसराईपूर्वी सूनबाईने महिना-दोन महिने घेऊन पाहावी, किंवा चिरंजिवांनी शहरातून आणलेली ‘मेद जाळणारी’ भुकटी दुधातून घ्यावी, असा मोह या विचारातून उत्पन्न होतो. हे अनुमान नेमके कोठे चुकते ते दाखविणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी ही ग्रंथी काय करते, तिचा रस पेशींच्या आत कोणता हुकूम पोहोचवितो आणि मेदाशी त्याचा संबंध कसा येतो, हे क्रमाने पाहावे लागेल.

ग्रंथी आणि तिचा कच्चा माल

मानेच्या पुढील भागी, कंठमण्याच्या किंचित खाली, श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची एक ग्रंथी असते. तिला मराठीत अवटु-ग्रंथी म्हणतात. प्रौढ माणसात तिचे वजन सुमारे १५ ते २५ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापाने सव्वा ते दोन तोळे भरते. ही ग्रंथी जो रस रक्तात सोडते, त्यास संप्रेरक अथवा हॉर्मोन अशी संज्ञा आहे.

या कारखान्याचा मुख्य कच्चा माल आयोडीन होय. प्रौढ माणसास दररोज १५० मायक्रोग्रॅम आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातेस २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग. सत्तर वर्षांच्या आयुष्याची सारी गरज एकत्र मोजली तरी ती चार ग्रॅमही होत नाही. एका तोळ्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच ती भरते. परंतु हा तिसरा हिस्सा तोळा एकदम घेऊन साठविता येत नाही. तो रोजच्या रोज, कणाकणाने पोटात जावा लागतो.

तो न मिळाल्यास ग्रंथी अधिक आयोडीन शोषून घेण्याच्या खटपटीत फुगते व गलगंड होतो. त्याहूनही गंभीर परिणाम गर्भावर होतो, कारण गर्भाच्या मेंदूची वाढ या संप्रेरकावर अवलंबून असते. आपल्या देशात हे कार्यकारण सिद्ध करणारा मोठा प्रयोग १९५६ साली हिमाचलाच्या कांगडा खोऱ्यात सुरू झाला. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या खोऱ्याचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीन मिसळलेले मीठ पुरविले आणि तिसऱ्यास साधे. काही वर्षांनी पाहता, आयोडीनयुक्त मीठ मिळालेल्या विभागांत मुलांमधील गलगंड स्पष्टपणे उतरला होता. तिसऱ्या विभागात उतरला नव्हता. पुढे त्या विभागासही तेच मीठ देण्यात आले. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या या कामाच्या अहवालावर देव आणि करमरकर ही आपल्या ओळखीची मराठी आडनावेही आहेत. १९६२ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला, आणि आज किराणा दुकानात आयोडीनयुक्त मिठाची जी पुडी आपण विकतो, तिच्यामागे ही सारी परंपरा उभी आहे.

हुंडी आणि तिचे वटणे

१८९१ साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे डॉ. जॉर्ज मरे यांनी, ग्रंथी निकामी होऊन सुजलेल्या व मंदावलेल्या एका ४६ वर्षांच्या स्त्रीस मेंढीच्या अवटु-ग्रंथीचा अर्क टोचला. ती सुधारली आणि पुढे २८ वर्षे जगली. त्या अर्कातील मुख्य द्रव्य एडवर्ड केंडॉल यांनी अमेरिकेत १९१४ साली शुद्ध रूपात वेगळे काढले. थायरॉक्सिन ते हेच. १९२६ साली चार्ल्स हॅरिंग्टन यांनी त्याची रासायनिक रचना उकलली व १९२७ साली ते प्रयोगशाळेत बनविले गेले. आपल्या समाजातील अनेकांच्या मनात जी शंका येते तिचे निरसन येथेच करणे इष्ट होय. आज वैद्य जे थायरॉक्सिन देतात ते रासायनिक कृतीने कारखान्यात तयार होते. ते द्रव्य मिळविण्यासाठी प्राण्याची ग्रंथी लागत नाही. प्राण्यांच्या वाळविलेल्या ग्रंथीपासून केलेले औषध काही देशांत अद्याप मिळते, पण ते वेगळे.

थायरॉक्सिनच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून त्यास टी-४ म्हणतात. १९५२ साली लंडन येथे जॅक ग्रॉस व रोझालिंड पिट-रिव्हर्स यांनी तीन अणूंचे दुसरे द्रव्य शोधले, ते टी-३. हे टी-३ टी-४ पेक्षा पुष्कळ अधिक प्रभावी आहे.

या दोहोंचे नाते व्यापारी मनुष्यास चटकन समजण्यासारखे आहे. टी-४ ही हुंडी आहे आणि टी-३ ही रोकड. ग्रंथी दररोज सुमारे ८० ते १०० मायक्रोग्रॅम टी-४ रक्तात सोडते. ती हुंडी गावोगाव फिरते. निम्मी संपावयास तिला सुमारे सात दिवस लागतात. यकृत, मूत्रपिंड, मेंदू इत्यादी ठिकाणी तिच्यातील आयोडीनचा एक विशिष्ट अणू काढला जातो आणि टी-३ तयार होते, म्हणजेच हुंडी वटते. देहातील टी-३ पैकी सुमारे चार-पंचमांश टी-३ असे ग्रंथीबाहेर बनते. अणू भलत्याच जागचा काढला गेला, तर ‘उलट टी-३’ नावाचे निरुपयोगी द्रव्य होते. हुंडी न वटताच रद्द होते. याप्रमाणे कोठे किती रोकड हवी याचा निर्णय केवळ ग्रंथी घेत नाही, प्रत्येक अवयव आपल्या गरजेप्रमाणे घेतो.

मुंबईच्या एका संशोधकाचे कार्य

१८९५ साली आडोल्फ मॅग्नुस-लेव्ही यांनी जर्मनीत दाखवून दिले होते की, या ग्रंथीचा अर्क दिल्याने शरीराचा प्राणवायूचा खप वाढतो. प्राणवायूचा खप वाढला, म्हणजे अन्न व मेद यांचे ज्वलन वाढले. त्यावरून पुष्कळ काळ अशी समजूत होती की, हे संप्रेरक पेशींतील भट्ट्यांवर थेट जाऊन त्या भडकावते; चुलीत रॉकेल ओतावे तसे. आजही ‘मेद जाळणारी गोळी’ म्हणणाऱ्याच्या मनात हेच चित्र असते.

हे चित्र बदलण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते संशोधक मूळचे मुंबईचे होते. जमशेद रुस्तम टाटा यांचा जन्म १९३० साली मुंबईत झाला. उद्योगपती जे. आर. डी. टाटा ते हे नव्हेत. नावाच्या सारखेपणाने घोटाळा होऊ नये. लंडनजवळ मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यक संशोधन संस्थेत त्यांनी दीर्घकाळ काम केले. १९५९ साली पिट-रिव्हर्स व टाटा यांचा या संप्रेरकांवरील संयुक्त ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९७३ साली टाटा रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, आणि २०२० साली त्यांचे निधन झाले.

त्यांना एक गोष्ट खटकत होती. ग्रंथी काढलेल्या उंदरास टी-३ दिले तर त्याचा प्राणवायूचा खप लगेच वाढत नाही. त्यास एक दिवसाहून अधिक काळ लागतो. चुलीत रॉकेल ओतले तर ज्वाळा त्याच क्षणी भडकावयास हवी. मग हा विलंब कशाचा? टाटा यांनी असे दाखविले की, मधल्या काळात पेशीच्या केंद्रकात काम चालू होते : खप वाढण्यापूर्वी कित्येक तास आधीच यकृतातील पेशी आपल्या जनुकांच्या नव्या नकला, म्हणजे आर.एन.ए., झपाट्याने करू लागतात. १९६३ साली त्यांनी आणखी एक निर्णायक निरीक्षण प्रसिद्ध केले. जनुकांची नक्कल थांबविणारे ॲक्टिनोमायसीन नावाचे द्रव्य आधी दिले, तर टी-३ देऊनही ज्वलन वाढत नाही. अर्थ उघड होता. हे संप्रेरक स्वतः काहीही जाळीत नाही. ते जनुकांना हुकूम देते, जनुकांच्या नकलांवरून नवी प्रथिने बनतात, आणि ती प्रथिने पुढचे काम करतात.

याच गोष्टीचा डोळ्यांनी दिसणारा पुरावा पूर्वीच मिळाला होता. १९१२ साली गुडरनाच या संशोधकाने बेडकाच्या पिलांना घोड्याची अवटु-ग्रंथी चारली, तेव्हा त्यांची शेपटी विरली, पाय फुटले आणि वेळेपूर्वीच त्यांचे इवलेसे बेडूक झाले. शेपटी नाहीशी होणे हे काही नुसते मेद जाळण्याचे काम नव्हे. ती एका देहाची संपूर्ण नवी मांडणी होती. टाटा यांनीही पुढे अनेक वर्षे बेडकांच्या या रूपांतरावर संशोधन केले.

वहीवरचा मुनीम

आता हुकूम पोहोचतो कसा, ते पाहू. आपल्या प्रत्येक पेशीच्या केंद्रकात सर्व जनुकांची एकच मोठी वही असते. यकृताच्या पेशीत जी वही, तीच हृदयाच्या पेशीत. फरक एवढाच की, कोणत्या पेशीत कोणती पाने उघडी आहेत आणि कोणती मिटलेली.

१९७२ साली जॅक ओपनहायमर व त्यांचे सहकारी यांनी असे दाखविले की, टी-३ केंद्रकातील विशिष्ट जागी जाऊन घट्ट चिकटते. १९८६ साली अमेरिका व युरोप येथील दोन स्वतंत्र गटांनी त्या जागेचे प्रथिन ओळखून काढले. त्यास ग्राही म्हणतात. हा ग्राही म्हणजे वहीजवळ बसलेला मुनीम समजावा. तो काही ठराविक पानांवर बसूनच असतो, परंतु टी-३ ची चिठ्ठी हाती नसेल तर तो ते पान नुसते उघडीत नाही इतकेच नव्हे, तर त्यावर हात दाबून ते मिटून ठेवतो. चिठ्ठी हाती पडताच तो आपले साहाय्यक बदलतो. पान मिटून ठेवणारे निघून जातात, उघडणारे येतात, आणि त्या पानाची नक्कल सुरू होते. काही पानांच्या बाबतीत उलटही घडते : चिठ्ठी आल्यावर ती मिटतात. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका-ग्रंथी टी.एस.एच. हे संप्रेरक सोडून अवटु-ग्रंथीस कामाला लावते. रक्तात टी-३ व टी-४ पुरेसे झाले की टी.एस.एच.चे पान मिटते. म्हणूनच रक्तातील टी.एस.एच. वाढलेले आढळणे हे बहुधा अवटु-ग्रंथी मंदावल्याचे चिन्ह मानतात.

या मुनिमाचे दोन मुख्य प्रकार आहेत. शास्त्रज्ञ त्यांस अल्फा व बीटा म्हणतात. हृदय व हाडे यांत अल्फाचे प्राबल्य आहे, तर यकृतात बीटाचे. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

मेदाच्या खात्यात काय घडते

यकृतात टी-३ च्या हुकुमाने जी पाने उघडतात त्यांतील दोन विशेष महत्त्वाची आहेत. पहिल्याने रक्तातील हानिकारक कोलेस्टेरॉल, म्हणजे एल.डी.एल., ओढून घेणारी प्रथिने वाढतात. त्यामुळे ग्रंथी मंदावली की हे कोलेस्टेरॉल रक्तात साचते, आणि उपचाराने ते उतरते. कोणाचे कोलेस्टेरॉल अकारण वाढलेले निघाले, तर वैद्य टी.एस.एच. पाहावयास सांगतात ते याच कारणाने. दुसऱ्याने मेदाम्लांना पेशीतील भट्टीच्या दारातून आत सोडणारे प्रथिन वाढते, आणि मेदाचे ज्वलन जोर धरते. देहात उष्णता उत्पन्न करणाऱ्या तपकिरी मेदातही असाच हुकूम पोहोचतो. ग्रंथी मंदावलेल्या माणसास थंडी अधिक वाजते, त्याचे हेही एक कारण होय.

पण हिशेबाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून हे चित्र पूर्ण होत नाही. त्याच यकृतात तेच टी-३ नवा मेद बनविणारी पानेही उघडते. म्हणजे जमा आणि नावे, दोन्ही बाजूंची उलाढाल वाढते. संप्रेरक अतिरिक्त झाले की खर्चाची बाजू वरचढ होऊन वजन उतरते खरे. पण त्या उतरलेल्या वजनात केवळ मेद नसतो, स्नायूही झिजलेले असतात. हृदयाच्या पेशींतील पाने उघडल्याने नाडी जलद व प्रसंगी अनियमित चालते. हाडांची झीज भरून येण्यापूर्वीच पुन्हा झीज होते व ती ठिसूळ होतात. झोप उडते, हात कापतात, चित्त अस्वस्थ राहते.

मूळ अनुमानातील चूक आता ध्यानात येईल. चिठ्ठी एका खात्याच्या नावाने लिहिलेली नसते. ती रक्तातून सर्व अवयवांच्या सर्व मुनिमांकडे एकाच वेळी जाते. ज्याच्या देहात चिठ्ठ्या कमी पडत आहेत त्यास गोळी देणे म्हणजे तूट भरून काढणे होय. ज्याच्या देहात त्या पुरेशा आहेत त्यास गोळी देणे म्हणजे हृदय, हाडे व स्नायू यांच्या खात्यांतून न विचारता रक्कम उचलणे होय.

शिवाय खऱ्या रुग्णाचे वजनही या व्याधीमुळे आपण समजतो तितके वाढत नाही. ग्रंथी मंदावल्याने वाढणारे वजन बहुधा दोन ते पाच किलो असते आणि त्यातील बराचसा भाग देहात अडकलेल्या मिठा-पाण्याचा असतो. योग्य मात्रेने तेवढे उतरते. उरलेला भार गादीवरील बैठकीचा, शेवेचा आणि तुपाचा असतो. त्याचा दोष या ग्रंथीच्या माथी मारून चालणार नाही.

मोहाचा इतिहास

वजन उतरविण्यासाठी या ग्रंथीचा अर्क देण्याची चाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच सुरू झाली. १९६० च्या दशकात अमेरिकेत रंगीबेरंगी गोळ्यांचे संच वजन घटविण्यासाठी सर्रास दिले जात. त्यांत उत्तेजक द्रव्ये, लघवी वाढविणारी द्रव्ये आणि अवटु-ग्रंथीचे संप्रेरक एकत्र असे. त्यांपायी मृत्यू घडले, आणि १९६८ साली तेथील सिनेटमध्ये त्यांची चौकशी झाली.

त्याच सुमारास एक शिस्तबद्ध परीक्षाही चालू होती. एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आठ हजारांहून अधिक पुरुषांवर निरनिराळ्या औषधांची तुलना करण्यात येत होती. त्यांतील एक औषध म्हणजे थायरॉक्सिनचे आरशातील प्रतिबिंबासारखे रूप. ते हृदयास न दुखविता कोलेस्टेरॉल उतरवील, अशी आशा होती. कोलेस्टेरॉल उतरले, परंतु ते घेणाऱ्यांत मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळल्याने तो भाग मुदतीपूर्वीच बंद करावा लागला. १९७२ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. कागदावरचा आकडा सुधारला आणि मनुष्य मात्र दगावला, असा हा प्रकार होता.

१९९९ साली अमेरिकेच्या औषध-नियंत्रकांनी पुन्हा इशारा दिला. ‘पूरक आहार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन घटविण्याच्या एका मालात टिराट्रिकॉल हे टी-३ चेच भावंड होते. थायरॉक्सिनच्या वेष्टणावरही स्थूलपणा घटविण्यासाठी हे औषध वापरू नये अशी ठळक सूचना तेथे छापणे बंधनकारक आहे.

यकृताचे पान वेगळे उघडता येईल काय?

मग सर्व मुनिमांस न उठविता केवळ यकृतातील बीटा-मुनिमास चिठ्ठी देता येईल काय, असा प्रश्न शास्त्रज्ञांनी विचारला. मार्ग सोपा नव्हता. एप्रोटिरोम नावाचे असे एक औषध बरेच पुढे गेले होते; पण कुत्र्यांच्या सांध्यांतील कूर्चेस त्यामुळे इजा होते असे दिसल्याने २०१२ साली त्याचे काम थांबले.

२०२४ सालच्या मार्च महिन्यात रेस्मेटिरोम या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली. यकृतात मेद साचून दाह होतो आणि यकृताच्या जागी व्रणासारखे तंतू वाढू लागतात, अशा व्याधीवर ते आहे. ९६६ रुग्णांच्या परीक्षेत ५२ आठवड्यांनंतर यकृताचा दाह शमल्याचे प्रमाण लहान मात्रेने सुमारे २६ टक्के आणि मोठ्या मात्रेने सुमारे ३० टक्के आले, तर औषधाविना दिलेल्या फसव्या गोळीने सुमारे १० टक्के. एल.डी.एल. कोलेस्टेरॉलही उतरले. मळमळ व जुलाब हे त्रास काहींना झाले. टाटा यांनी साठ वर्षांपूर्वी केंद्रकाकडे बोट दाखविले, त्या वाटेने चालत येऊन हे औषध हाती आले आहे.

तथापि दोन गोष्टी विसरता कामा नयेत. दहांपैकी सुमारे सात रुग्णांचा दाह या औषधानेही शमला नाही. आणि हे वजन घटविण्याचे औषध नव्हे. वजनात त्याने विशेष फरक पडत नाही, व ते आहारनियमन आणि व्यायाम यांच्या जोडीनेच द्यावयाचे असते.

उपवास आणि देहाची काटकसर

आपल्या घरांत चातुर्मासात आणि पर्युषणात उपवास होतात. कोणी तेला करतात, कोणी अठाई. अशा वेळी देह काय करतो हे जाणण्यासारखे आहे. अन्नाची आवक थांबली की एक-दोन दिवसांतच टी-३ चे प्रमाण उतरू लागते आणि उलट टी-३ वाढते. अधिक हुंड्या न वटविता रद्द केल्या जातात. आवक घटताच खर्च आखडता घेणारा शहाणा व्यापारी जे करतो, तेच देह करतो. हा रोग नव्हे. म्हणून दीर्घ उपवासात किंवा त्याच्या पारण्यानंतर लगेच ही रक्ततपासणी करून घेऊ नये. केल्यास आकडा पाहून विनाकारण भीती उत्पन्न होते.

ज्यांस थायरॉक्सिनची गोळी चालू आहे त्यांनी उपवासापूर्वीच आपल्या वैद्यांस विचारून ठेवावे. टी-४ देहात सावकाश संपते, त्यामुळे एखादा दिवस चुकल्याने अनर्थ ओढवत नाही. परंतु गोळी आपल्या मनाने बंद करणे योग्य नव्हे. गरोदर स्त्रीने तर ती एक दिवसही स्वेच्छेने टाळू नये.

आपले कर्तव्य

वाचकांपैकी बहुतेक दुकानदार आहेत. सियागंजातून माल आणून आपण गावास पुरवितो. तेव्हा या विषयात आपल्याकडे काही कर्तव्येही येतात.

पहिले मिठाचे. ग्राहकाच्या हाती पडताना मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे असा दंडक आहे. दहा ग्रॅम मिठातून १५० मायक्रोग्रॅम, असा तो हिशेब. आता रक्तदाबाच्या भयास्तव दिवसाकाठी पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे जे थोडे मीठ पोटात जाईल ते आयोडीनयुक्त असणे अधिकच अगत्याचे झाले. ओलावा, ऊन व उष्णता यांनी आयोडीन उडून जाते. यास्तव मिठाची पोती ओल्या फरशीवर अथवा दुकानाबाहेर उन्हात ठेवू नयेत, फळीवर ठेवावीत. आधी आलेला माल आधी विकावा. आणि गुरांसाठी अथवा उद्योगासाठी आलेले खडे मीठ खाण्याच्या मिठाच्या भावात कोणाच्या पिशवीत घालू नये. आयोडीन डोळ्यांस दिसत नाही. ग्राहक ते आपल्या शब्दावर विकत घेतो. सैंधव उपवासापुरते ठीक. पण ते आयोडीनयुक्त नसेल तर बारमाही त्यावरच राहणे, विशेषतः तरुण स्त्रियांनी, हितावह नाही.

दुसरे कर्तव्य भुकट्यांचे व गोळ्यांचे. घटकद्रव्ये न छापलेली, ‘महिन्यात दहा किलो’ असे अभिवचन देणारी वस्तू किती नफा देते हे पाहून दुकानात ठेवू नये. विकणाऱ्यास दोन पैसे मिळतील, पण विकत घेणाऱ्या मुलीचे हृदय त्यापायी धडधडू लागले तर ते पैसे कोणत्या खात्यात मांडावयाचे?

तिसरे कर्तव्य घरातले. गोळी ज्याच्या नावाची, त्यानेच घ्यावी. ती पहाटे अनशापोटी पाण्याबरोबर घ्यावी. चहा-नाश्ता निदान अर्ध्या तासानंतर करावा. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात, कारण त्या तिचे शोषण अडवितात. मात्रा रक्ततपासणीवरून वैद्यांनी ठरवावी, शेजाऱ्यांनी नव्हे. आणि ज्याची तपासणी निर्दोष निघाली आहे, त्याने ग्रंथीस दोष देणे सोडून ताटाकडे व पायांकडे लक्ष द्यावे. दुकान मिटल्यावर वेशीपर्यंत चालत जाऊन येणे यास कोणतीही चिठ्ठी लागत नाही.

अवटु-ग्रंथी दोन तोळ्यांची असून साऱ्या देहाची वही चालविते. तूट असेल तेथे ती वैद्यांच्या हातून अवश्य भरून घ्यावी. तूट नसेल तेथे भरणा करू नये. एवढे जरी वाचकांच्या मनात राहिले, आणि एखाद्या घरातील एखादी गोळी भलत्याच तोंडात जावयाची राहिली, तरी या लेखाचे सार्थक झाले असे समजेन.